आधी मोहोर, मग गाठ

प्रौढांच्या तीव्र रक्तकर्करोगावर औषधांच्या जोड्या जुळवणे हे माझे गेल्या अनेक वर्षांचे काम आहे, आणि या कामात ज्या प्रश्नाने मला सर्वांत अधिक गुंतवून ठेवले तो औषधांच्या क्रमाचा आहे. म्हणजे दोन औषधे द्यायची हे ठरल्यानंतर पहिले कोणते, दुसरे किती दिवसांनी, आणि पहिल्याचे काम पुरे होण्यापूर्वीच दुसऱ्याने त्यात हात घातला तर पेशीच्या आत नेमके काय घडते, याचा. शोधनिबंधांत दोन औषधांच्या नावांमध्ये अधिकाचे एक चिन्ह छापलेले असते, आणि ते पाहून नवशिक्या डॉक्टरची अशी समजूत होते की एकाचा गुण आणि दुसऱ्याचा गुण मिळून दुप्पट गुण येत असावा. एपिजेनेटिक औषधांच्या बाबतीत ही समजूत वारंवार खोटी ठरली आहे. ती का खोटी ठरली हे समजून घेताना मला जो बौद्धिक आनंद लाभला आणि रुग्णांच्या उपचारात जी मदत झाली, तिच्याविषयी सविस्तर लिहावे असे फार दिवस मनात होते.

ज्या रोगाविषयी मी बोलत आहे तो तीव्र मायलॉइड ल्युकेमिया. अस्थिमज्जेत रोज जन्मणाऱ्या कोवळ्या पेशींनी यथाकाल पक्व होऊन रक्तात उतरावे हा निसर्गक्रम. या रोगात ती पक्वताच खुंटते, आणि ज्यांना आम्ही ब्लास्ट म्हणतो त्या अपक्व पेशी मज्जेत साचत जाऊन निरोगी पेशींना जागाच उरत नाही. परंतु पक्व होण्यासाठी लागणारा मजकूर या ब्लास्टपाशी नसतो असे नाही. शरीरातल्या प्रत्येक पेशीजवळ जनुकांचा जवळजवळ तोच संच असतो. भेद असतो तो त्यातले काय वाचले जाते आणि काय मिटून ठेवले जाते, यात. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. कागद शाबूत असला आणि मोडी अक्षर स्पष्ट असले, तरी ज्या लखोट्यावर मोहोर आहे आणि ज्या रुमालाला गाठ आहे, त्याच्या आतला हुकूम अमलात येणे शक्य नाही. पेशीच्या केंद्रकात हाच प्रकार असतो. डीएनएच्या धाग्यावरील सायटोसिनला मिथाइलचा कण चिकटला की ती मोहोर. आणि तो धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती घट्ट आवळला गेला की ती गाठ. मोहोर उठवणारे विकर निराळे, गाठ आवळणारे विकर निराळे. आणि म्हणून औषधांचीही दोन घराणी झाली, एक मोहोर उठू न देणाऱ्यांचे व दुसरे गाठ सैल करणाऱ्यांचे.

पहिल्या घराण्याचा मूळपुरुष अॅझासिटिडिन. १९६४ साली प्राग येथे अलोइस पिस्काला आणि फ्रांटिशेक शोर्म या रसायनशास्त्रज्ञांनी ते तयार केले, तेव्हा त्यांच्या मनात मोहोर नव्हती; पेशी मारणारे एक विष एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती, आणि पुढची बरीच वर्षे ते तसेच, मोठ्या मात्रेत, ओकाऱ्यांनी बेजार झालेल्या रुग्णांना दिले गेले. त्याचे खरे स्वरूप उघड झाले ते निराळ्याच ठिकाणी. पीटर जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या भ्रूणातील काही पेशींवर हे औषध अगदी थोड्या मात्रेत घातले, आणि ज्या पेशींचा स्नायूंशी काही संबंध नव्हता त्यांतून काही दिवसांनी स्नायूच्या पेशी तयार झाल्या. हे निरीक्षण १९७७ सालचे. आणि या चमत्काराचे मूळ डीएनएवरील मिथाइल नाहीसे होण्यात आहे हे जोन्स व शर्ली टेलर यांनी १९८० मध्ये दाखवले. माझ्या विषयाच्या इतिहासात या दोन निबंधांइतके मोलाचे काही मला दिसत नाही, कारण त्यांनी मात्रेविषयीची दृष्टीच पालटली. जे औषध अधिक दिल्यास मारते तेच थोडे दिल्यास वळण लावते, हे एकदा कळल्यावर न्यूयॉर्कचे लुइस सिल्व्हरमन यांच्यासारख्या डॉक्टरांनी ते कमी मात्रेत, दीर्घकाळ देऊन पाहिले. २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम या ल्युकेमियाच्या पूर्वावस्थेसाठी त्यावर शिक्कामोर्तब केले. आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३५८ रुग्णांच्या चाचणीत, जिच्यात आजच्या व्याख्येप्रमाणे ल्युकेमियात मोडणारे रुग्णही होते, अॅझासिटिडिन घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान १५ महिन्यांवरून २४.५ महिन्यांवर गेले.

आता हे औषध काम कसे करते ते थोडे निगुतीने पाहिले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. सायटोसिनच्या वलयात ज्या कार्बनवर मिथाइल बसतो, नेमक्या त्या जागी या औषधात नायट्रोजन आहे. पेशी विभागताना डीएनएची नवी प्रत काढते, तेव्हा हा तोतया सायटोसिन त्या प्रतीत शिरतो; जुन्या प्रतीवरची मोहोर नव्या प्रतीवर उठवण्यासाठी जे विकर येते ते या तोतयाला चिकटून बसते आणि तिथेच जायबंद होते. जुनी मोहोर खरवडून काढली जात नाही. केवळ नवी उठत नाही, आणि एकामागून एक विभाजने होत जातील तसतशी ती विरळ होत जाते. यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, या औषधाला वेळ लागतो. आणि दुसरी, जी मी माझ्या विद्यार्थ्यांना पुनःपुन्हा सांगतो, ती ही की या औषधाला विभागणारी पेशी लागते; जी पेशी विभाजन थांबवून बसली तिच्या दप्तरात त्याला प्रवेशच नाही.

वेळ लागतो म्हणजे काय, हे आमच्या डे-केअर विभागात बसल्याखेरीज कळणार नाही. शरीराच्या पृष्ठफळाच्या प्रत्येक चौरस मीटरला ७५ मिलिग्रॅम, असे सात दिवस, आणि दर २८ दिवसांनी पुन्हा तेच. कुपीत १०० मिलिग्रॅमची पांढरी भुकटी असते. तीत ४ मिलिलिटर पाणी घातले की ती पूर्णपणे विरघळत नाही, दुधाळ गढूळपणा येतो. हे औषध पाण्यात नासू लागते, त्याचे वलयच फुटते, आणि म्हणून साध्या खोलीतल्या हवेत ते तासाभराच्या आत टोचले गेले पाहिजे. सिस्टर सिरिंज भरतात, आणि रुग्णाजवळ येईपर्यंत तळाशी जो साका बसलेला असतो तो मोडण्यासाठी ती सिरिंज दोन्ही तळहातांत धरून जोराने घोळवतात, साका पुन्हा एकजीव होईपर्यंत. मध्यम चणीच्या माणसाला सुमारे १२० मिलिग्रॅम लागते, म्हणजे ४.८ मिलिलिटर, एवढे औषध एका जागी टोचता येत नाही, तेव्हा दोन सिरिंजा आणि दोन जागा. कालच्या जागेपासून आजची जागा दोन बोटे तरी दूर हवी, नाहीतर कातडी लाल होऊन टणक होते. आमच्याकडच्या एका जाणत्या सिस्टरांनी केसपेपरच्या मागच्या बाजूला पोटाचा आणि मांड्यांचा आराखडा काढून त्यावर तारखा लिहिण्याची पद्धत सुरू केली, आणि मला ती कोणत्याही संगणकी नोंदीहून अधिक विश्वासार्ह वाटते.

सात दिवस लागोपाठ येणे ही मुंबईच्या बाहेरच्या माणसासाठी मोठी यातायात असते. माण-खटावकडचा शेतकरी असो की विदर्भातला निवृत्त शिक्षक, त्याला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा एखाद्या नातेवाइकाच्या दोन खोल्यांत मुक्काम करावा लागतो. रविवारी विभाग बंद असतो, म्हणून पुष्कळदा आम्ही सोमवार ते शुक्रवार पाच दिवस, मग दोन दिवस सुटी, आणि पुन्हा सोमवार-मंगळवार अशी वाटणी करतो. शिवाय पहिल्या दोन आवर्तनांत रुग्णाची प्रकृती सुधारलेली दिसत नाही. पेशी आणखी उतरतात, ताप येतो, रक्त आणि प्लेटलेट चढवाव्या लागतात. अशा वेळी बापाला घेऊन आलेली लेक दारात थांबून विचारते, “डॉक्टर, दोन सायकल झाल्या, अजून रक्त चढवावंच लागतंय. बाबांना हे औषध लागू पडत नाही का?” मी तिला आत बोलावून बसायला सांगतो. “ताई, या औषधाचा गुण चौथ्या, कधी सहाव्या सायकलला दिसतो. आता बंद केलं तर आजवरचं सगळं वाया जाईल,” असे सांगताना मला जाणीव असते की मी तिच्याकडून पैसा, रजा आणि धीर या तिन्ही गोष्टी उसन्या मागत आहे. म्हणूनच या दीर्घ मुदतीत रुग्णाला अधिक काही देता येईल काय, एखाद्या जोडीने हा काळ कमी होईल काय, हा प्रश्न माझ्यापुरता तरी निव्वळ शास्त्रीय कुतूहलाचा राहिलेला नाही.

जोडीची कल्पना आली ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून. स्टीफन बेलिन यांच्या प्रयोगशाळेने १९९९ मध्ये असे दाखवले की कर्कपेशीत ज्या जनुकावर दाट मोहोर आहे ते जनुक केवळ गाठ सैल करणाऱ्या औषधाने उघडत नाही. परंतु प्रथम थोड्या मात्रेत डेसिटाबिन, म्हणजे अॅझासिटिडिनचे सख्खे भावंड, देऊन मोहोर विरळ केली, आणि त्यानंतर गाठ सैल करणारे औषध घातले, तर ते जनुक एकट्या डेसिटाबिनने उघडते त्याहून कितीतरी अधिक उघडते. आधी मोहोर, मग गाठ. या निष्कर्षाने साऱ्या जगभर उत्साहाची लाट आली. व्होरिनोस्टॅट, एन्टिनोस्टॅट, प्रॅसिनोस्टॅट अशी गाठ सैल करणारी औषधे एकामागून एक पुढे आली. फेफऱ्यावर वर्षानुवर्षे दिले जाणारे, स्वस्त आणि सर्वत्र मिळणारे व्हॅलप्रोइक आम्लही याच घराण्यातले आहे असे २००१ मध्ये उघडकीस आल्यावर तर आमच्यासारख्या देशांतल्या डॉक्टरांना विशेष आशा वाटली.

प्रत्यक्षात काय झाले ते २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीवरून सांगतो, कारण तिच्याइतकी बोधप्रद चाचणी या क्षेत्रात थोडीच असेल. मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम आणि त्यातून उद्भवलेला ल्युकेमिया असलेल्या १४९ रुग्णांपैकी निम्म्यांना अॅझासिटिडिन दहा दिवस एकटे दिले, निम्म्यांना त्याच दहा दिवसांत, तिसऱ्या आणि दहाव्या दिवशी, एन्टिनोस्टॅटही दिले. रक्त पूर्वपदावर आलेल्यांचे प्रमाण एकट्या औषधाने ३२ टक्के, जोडीने २७ टक्के. मध्यम आयुर्मान एकट्याने १८ महिने, जोडीने १३. आणि पेशींतील मिथाइल मोजला तेव्हा असे आढळले की जोडी घेणाऱ्यांत मोहोर कमी विरळ झाली होती. दुसरे औषध पहिल्याच्या वाटेत उभे राहिले होते! गाठ सैल करणारी औषधे पेशीचे विभाजन रोखतात हे पूर्वीच ठाऊक होते; आणि विभाजन थांबले की अॅझासिटिडिनला डीएनएत शिरायला वाट उरत नाही. बाल्टिमोरच्या बशीत जो क्रम पाळला गेला होता तो रुग्णाच्या शरीरात राहिला नाही. दोन्ही औषधांचे दिवस एकमेकांत मिसळले, आणि मोहोर निघण्यापूर्वीच दप्तराचे काम तहकूब झाले, असे या निकालाविषयी माझे मत आहे. पुढे प्रॅसिनोस्टॅटची मोठी चाचणीही २०२० मध्ये निष्फळ म्हणून आवरती घ्यावी लागली.

जर्मनीत झालेल्या एका चाचणीचा निकाल मी याला जोडून नेहमी सांगतो. कडक केमोथेरपी न झेपणाऱ्या २०० वृद्ध रुग्णांना डेसिटाबिन दिले. काहींना त्यासोबत व्हॅलप्रोइक आम्ल, काहींना ट्रेटिनॉइन हे ‘अ’ जीवनसत्त्वाचे रूप, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. व्हॅलप्रोइक आम्लाने काही साधले नाही. ट्रेटिनॉइन घेतलेल्यांचे मध्यम आयुर्मान मात्र ५.१ महिन्यांवरून ८.२ महिन्यांवर गेले. तीन महिने ही मोठी मुदत नव्हे, पण ज्या रुग्णांपाशी एकंदर पाचच महिने होते त्यांच्या हिशेबी ती लहानही नव्हे. आणि या औषधाच्या नावाशी आमच्या शास्त्रातील एक फार मोठी घटना निगडित आहे.

ती घटना शांघायची. ल्युकेमियाचा एक पोटप्रकार असा आहे की ज्यात रुग्ण पहिल्या काही दिवसांतच रक्तस्रावाने दगावत असे. वांग झेनयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये अशा २४ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतले २३ रुग्ण केवळ ट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी रोगमुक्त अवस्थेत आले. पेशी मारल्या गेल्या नव्हत्या, त्या पक्व झाल्या होत्या. हे मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेले आहे, आणि ते दर वेळी पाहताना मला तितकाच हर्ष होतो. या पोटप्रकारातील ब्लास्टच्या अंगात लेशमन रंगाने लालसर दिसणाऱ्या बारीक काड्या असतात, त्यांना ऑअर रॉड म्हणतात. निरोगी पेशीत त्या कधीच नसतात. उपचाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रक्ताची काच पाहावी, तर केंद्रकाचे तीन-तीन खंड झालेली, प्रौढ, कामाला लागलेली पांढरी पेशी दिसते, आणि तिच्या कुशीत तीच लाल काडी! काल जी पेशी रोगाची होती तीच आज पक्व झाली, याचा याहून स्वच्छ दाखला मागता येणार नाही. या रोगातले विकृत प्रथिन जनुकांवर गाठ आवळणारी विकरे आणून बसवते. ट्रेटिनॉइन त्या प्रथिनाचे एक टोक धरते आणि आर्सेनिक दुसरे. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयातील विक्रम मॅथ्यूज यांनी एकट्या आर्सेनिकवरही कितीतरी रुग्ण बरे होतात हे दाखवून गरीब देशांवर उपकारच केले. आणि २०१३ मध्ये इटली व जर्मनीतील डॉक्टरांनी ही दोन औषधे मिळून, केमोथेरपीवाचून, मध्यम व कमी जोखमीच्या रुग्णांपैकी ९७ टक्के रुग्ण दोन वर्षे निर्वेध ठेवतात हे सिद्ध केले. इथे जोडी जमली, कारण दोन औषधे एकाच वस्तूवर दोन बाजूंनी चालतात आणि एकमेकांची वाट अडवत नाहीत.

याच न्यायाने जमलेली दुसरी जोडी अलीकडची आहे. काही ल्युकेमियांत आयडीएच-१ या जनुकात बदल झालेला असतो, आणि त्यामुळे पेशीत एक आम्ल साचते जे मोहोर उतरवणाऱ्या नैसर्गिक विकराला निकामी करते. आयव्होसिडेनिब हे औषध त्या आम्लाची उत्पत्ती थांबवते. म्हणजे अॅझासिटिडिन नवी मोहोर उठू देत नाही, आणि आयव्होसिडेनिब जुनी उतरवणाऱ्या विकराला मोकळे करते. विभाजनाची गरज पहिल्याला आहे, दुसरे त्याच्या आड येत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १४६ रुग्णांच्या चाचणीत मध्यम आयुर्मान ७.९ महिन्यांवरून २४ महिन्यांवर गेले. मात्र पेशी एकदम पक्व होऊ लागल्या की त्यांच्या स्रावांनी फुप्फुसांत पाणी झिरपते, श्वास लागतो, ताप येतो, आणि हे संसर्गासारखेच दिसत असल्याने फसगत होते. म्हणून अशा रुग्णाचे वजन रोज सकाळी त्याच काट्यावर, त्याच वेळी घ्यावे असा माझा दंडक आहे. दोन दिवसांत दोन किलो वाढ दिसली आणि पायाला सूज असली, तर मी छातीच्या चित्राची वाट न पाहता डेक्सामेथासोन १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू करतो.

आमच्या विभागात आज सर्वाधिक दिली जाणारी जोडी मात्र अॅझासिटिडिन आणि व्हेनेटोक्लॅक्स यांची आहे. व्हेनेटोक्लॅक्स या दोन्ही घराण्यांतले नव्हे. पेशीला मरणापासून वाचवणारे एक प्रथिन ते अडवते. २०२० मध्ये ४३१ रुग्णांच्या चाचणीत या जोडीने मध्यम आयुर्मान ९.६ महिन्यांवरून १४.७ महिन्यांवर नेले आणि दोन-तृतीयांश रुग्णांत रोग मागे हटला. तोही बहुधा पहिल्या एक-दोन आवर्तनांतच, चौथ्या-सहाव्याची वाट न पाहता. त्या लेकीला द्यायचे उत्तर या औषधाने पालटले, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. परंतु चाचणीतल्या आवर्तनातले व्हेनेटोक्लॅक्सचे सलग २८ दिवस आमच्या रुग्णांना, ज्यांच्या फुप्फुसांत बुरशीचा संसर्ग फार लवकर घर करतो, झेपतातच असे नाही. आणि त्या बुरशीवरचे पोसॅकोनॅझोल चालू असले की यकृतातील विकर अडून व्हेनेटोक्लॅक्स रक्तात साचते, तेव्हा ४०० मिलिग्रॅमच्या जागी ७० मिलिग्रॅम पुरते. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस मी मज्जा तपासतो. ब्लास्ट पाच टक्क्यांच्या खाली आले असतील तर व्हेनेटोक्लॅक्स थांबवून पांढऱ्या पेशी वर येईपर्यंत, फार तर दोन आठवडे, वाट पाहतो, आणि पुढच्या आवर्तनात ते २१ किंवा १४ दिवसच देतो.

२०२४ मध्ये रेव्युमेनिब या नव्या औषधाला मान्यता मिळाली. केएमटी-२ए जनुकाची मोडतोड झालेल्या ल्युकेमियात पक्वता रोखून धरणारी प्रथिनांची जी जोडगोळी असते, ती ते तोडते. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रात ते डेसिटाबिनच्या गोळ्या आणि व्हेनेटोक्लॅक्स यांच्यासोबत देऊन पाहिले जात आहे, म्हणजे आता तीन नावे आणि मध्ये अधिकाची दोन चिन्हे. अशा चाचणीचा वृत्तांत हाती आला की मी निकालाचे पान मागाहून वाचतो. प्रथम मात्रांचा तक्ता काढतो आणि कोणते औषध कोणत्या दिवशी सुरू होऊन कोणत्या दिवशी थांबते, पेशींना विभागण्यास किती दिवस मोकळे मिळतात, आणि पक्वतेचा त्रास पहिल्या आवर्तनात कोणत्या आठवड्यात अपेक्षित आहे, हे समासात पेन्सिलीने मांडून घेतो.